श्रद्धांजलीखालची लिंक

२०२३ सालची गोष्ट. निर्मळ गावातल्या आमच्या फुलांच्या दुकानाची वेबसाइट माझा मुलगा जितेंद्र सांभाळायचा. दुसऱ्या चांगल्या साइटींनी आपली लिंक दिली की गूगल आपल्याला वर दाखवतं, असं तो सांगायचा.

एका सकाळी आम्ही अचानक पहिल्या नंबरवर आलो. कुठल्याशा श्रद्धांजलीच्या साइटवर आमची लिंक होती, माझ्या सुनेच्या, विनिताच्या फोटोखाली. मृत्यूची तारीख येत्या गुरुवारची.

विनिता हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "मला मारून वर जायचंय का? काढायला सांग त्यांना."

"एवढी चांगली लिंक पुन्हा मिळत नाही गं. शुक्रवारी सांगतो," जितेंद्र म्हणाला.

विनिता गुरुवारी गेली. दुकान दोन वर्षं पहिलं राहिलं. आता ते घसरतंय, आणि काल जितेंद्रने फार प्रेमाने विचारलं, "आई, तुझा एखादा चांगला फोटो आहे का?"