फोटोतलं कुंकू

ब्रशचं टोक ओठांत धरून फोटोवाल्याने अणकुचीदार केलं आणि बायकोच्या कपाळावर लाल ठिपका टेकवला. फोटोतल्या कपाळावर. खऱ्या कपाळाला हात लावायची त्याची टाप नव्हती.

जुने, विटलेले फोटो रंगवून द्यायचे हा त्याचा धंदा. कुणाकुणाच्या आज्या-पणज्यांची कुंकवं त्याने याच ब्रशने ताजी केली होती. आणि स्वतःच्या लग्नाच्या फोटोत बायकोचं कपाळ मोकळं! लग्नाला पाच वर्षं झाली, तरी मोकळंच. गिऱ्हाईकं विचारायची, "काय हो, वहिनी साधी टिकलीसुद्धा लावत नाहीत?" तो म्हणायचा, "कातडी नाजूक आहे हो, खाज सुटते." गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा. आतून मात्र जळून खाक व्हायचा.

कारण तिच्या ट्रंकेत दुसरा एक फोटो होता. पहिल्या नवऱ्याबरोबरचा. तो बिचारा लग्नानंतर दोन वर्षांतच तापाने गेला. पण त्या फोटोत तिच्या कपाळावरचं कुंकू? चांगलं रुपयाएवढं, ठसठशीत! तेव्हा बरी नव्हती सुटत खाज. फोटोवाल्याने ते भिंगाखाली धरून पाहिलं होतं, एकदा नाही, दहादा. मेलेल्या माणसाचा कसला हेवा करतोस गाढवा, असं स्वतःला म्हणायचा आणि पुन्हा भिंग काढायचा. कुंकू नवऱ्याच्या नावाने लावतात, त्याला आयुष्य मिळावं म्हणून लावतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग आपण कोण? घरातले भाडेकरू?

तेवढ्यात ती जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. टेबलावरचा फोटो दिसला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कशाला केलंत?"

"का? त्याच्या नावाचं चालतं आणि माझ्या नावाचं बोचतं?" पाच वर्षं गिळलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. "ट्रंकेतला फोटो पाहिलाय मी. तो तुझा नवरा, आणि मी कोण गं? फुकटचा हमाल?"

तिने फोटोकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. त्यामुळे तो आणखीच पेटला. "नकोय ना? राहिलं!" म्हणत त्याने कापसाचा बोळा उचलला. रंग अजून ओला होता.

"पुसू नका!"

डबा फरशीवर आदळला. तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट आवळून धरलं होतं. एवढा जोर तिच्यात आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"अगं, फोटो आहे तो," तो गांगरून म्हणाला.

"ते गेले त्या सकाळी त्यांच्या आत्याने ओल्या फडक्याने माझं कपाळ पुसलं. चौघींनी हात धरले होते माझे." तिला धाप लागली. "तुमच्या नावाने रोज कुंकवाची डबी उघडते हो मी. बोट बुडवते. आणि हात धुऊन टाकते."

त्याच्या हातातला बोळा केव्हाच गळून पडला होता. तिने मात्र मनगट सोडलं नाही.

"लावलंच नाही," ती म्हणाली, "तर पुसायला कुणी येणार नाही ना हो?"