निम्मं माप

महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या आजीबाई सकाळी आपणहून उठून बसल्या आणि त्यांनी चक्क गोड मागितलं. त्यांच्या मुलाला आनंद मावेना. त्यानं संध्याकाळी सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं.

स्वयंपाकाचं काम गल्लीतल्याच एका सासू-सुनेनं घेतलं होतं. त्यातल्या सासूबाई आजीबाईंना भेटून परसात आल्या आणि सुनेनं मोजलेल्या तांदळातला निम्मा त्यांनी परत पोत्यात ओतला.

“अहो आई, दोनशे पानं आहेत! कमी पडलं तर तोंड कुठं लपवायचं?”

“नाही पडणार, पोरी. विझायच्या आधी वात मोठी होते. आणि रडून थकलेली माणसं निम्मंच जेवतात.”

आतून आजीबाईंचं खणखणीत हसू ऐकू आलं. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

“देवा, आज माझा अंदाज चुकू दे रे.”