दहापैकी दोन

"दहापैकी किती?" सलाईनची बाटली उतरवत नर्सने विचारलं.

दुखणं किती उरलं, ते इथे दर खेपेला असं आकड्यात सांगायचं. औषध अंगात मुरलं होतं, तरी पाठीतून पायात उतरणारी कळ सातावरच अडून बसली होती. खाटेवर पडल्या पडल्या तिने उशाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाने तिच्यासाठी हाडाची काडं केली होती. हे उपचार शोधून काढले त्यानेच, आणि दर महिन्याला रजा टाकून तिला घेऊन यायचाही तोच. उठवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, सगळं त्याच्या हातचं. वेणी वाकडी यायची, पण यायची. नवरा असावा तर असा, असं जावा-नणंदासुद्धा म्हणत. तिला मात्र त्याचं थकलेलं तोंड आता बघवत नव्हतं.

"दोन," ती म्हणाली.

नवरा ताडकन उभा राहिला. "दोन? खरंच?"

"खोटं कशाला बोलू?"

"चालून दाखव बरं."

दात आवळून ती खिडकीपर्यंत गेली आणि हसत परत आली. जीव जायचा तेवढा बाकी होता.

डॉक्टर खूश झाले. "आता दर महिन्याला नको. तीन महिन्यांनी या."

"ही एकटी राहू शकेल ना?" नवऱ्याने विचारलं. "स्वयंपाक, आंघोळ, जिने?"

"न राहायला काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"काळजी करण्यात तुमच्या यांचा हात कोणी धरणार नाही," नर्स तिला म्हणाली. तिला भरून आलं. आपण दोन सांगितलं ते बरंच केलं, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर त्याने तिला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवले, पाण्याची बाटली हाताशी दिली. मग आतून बॅग घेऊन आला.

"कामाला बाहेरगावी निघालात?"

"नाही." तो समोर बसला. कित्येक वर्षांत त्याचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता. "तू बरी झालीस. आता मी कायमचा जातोय. ती खाली गाडीत थांबलीय."

"ती कोण?"

"तिच्यावर राग धरू नकोस. मी तर केव्हाच निघालो होतो. दुखणाईत बायकोला टाकून आलास तर दार उघडणार नाही, असं तिनंच बजावलं होतं."