तिसरा अपघात

"महिन्यात एकतीस वेळा, साहेब. करकचून ब्रेक. मी मोजलेत."

झेरॉक्सवाल्या बाईने कागदांचा गठ्ठा पालिकेच्या इंजिनिअरच्या टेबलावर आपटला. वाया गेलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर तारीख, वेळ, कुठली गाडी, कुठून आली, सगळं होतं. तिचं दुकान चौकाच्या तोंडावरच. समोरच्या शाळेतून तिची नात रोज तोच रस्ता ओलांडून यायची.

"वाचलेल्यांची नोंद नसते, बाई. वर्षात तीन अपघात नोंदले गेले की सिग्नल बसतो. तुमचे दोनच झालेत. शिंप्याची स्कूटर, मग दूधवाल्याचा टेम्पो. तेही खरचटण्यावर भागलं."

दोन्ही वेळा तिचं दुकान बंद होतं. नाहीतर तेही तिने टिपलं असतं.

"आता नाही भागणार. शाळा सुटते तेव्हाच टँकर डावीकडे वळतो. जाहिरातीच्या फलकाआडून येणारं पोर त्याला दिसतच नाही. हा महिना सुखाने जात नाही, लिहून घ्या."

"ज्योतिषही बघता का?"

"मला मोजता येतं. तुम्हाला नुसती मेलेली माणसं मोजता येतात."

ती उठली ती थेट धाकट्या भावाकडे गेली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? माझी गाडी तुझ्या स्कूटरवर घालू?"

"रिकाम्या स्कूटरवर. रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना. का पोरीवर टँकर जायची वाट बघत बसू?"

"आणि पोलिसांनी विचारलं तर?"

"तोंड पाडून उभा राहा. त्यात तू पटाईत आहेस."

रविवारी तिने स्कूटर चौकाच्या मधोमध लावली. भावाने अर्धे डोळे मिटून ठोकली. स्कूटर आडवी झाली. बाईने स्वतःचं कोपर फुटपाथच्या कडेवर दातओठ खाऊन घासलं, रक्त आल्याची खात्री केली आणि शेजारी बसकण मारली. एवढ्यावर सिग्नल मिळत असेल तर स्वस्तात पडला.

हवालदार आला. गाडी कुठून आली, किती वाजता, कुठे लागलं, सगळं शांतपणे लिहिलं. भावाने तोंड पाडलं होतं. बाईने सही केली.

वही मिटून हवालदार खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला,

"मागच्या दोघांपेक्षा बरं जमवलंत, बाई. शिंप्याने तर दिवा घरूनच फोडून आणला होता."