मागच्या कोपऱ्यातली वाफ

“एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला दर डावानंतर वाऱ्यात हाकलायचं, हा कुठला न्याय?” केरिनने विचारलं.

बुधवारचा खेळ आटोपला होता. खेळाच्या चटया गुंडाळून भिंतीला लागल्या होत्या, चटईवर घरंगळवायचे बोल्सचे चेंडू पेटीत गेले होते आणि चीज रोलचं ताट अर्ध्यावर आलं होतं. न्यूझीलंडच्या त्या दक्षिण टोकाला हिवाळ्यात बाहेरच्या हिरवळीवर पाऊल ठेववत नाही. सगळा क्लब मग आतच खेळतो, आतच भांडतो.

केरिनचे वडील डेस मॅकारा क्लबचे अध्यक्ष. पन्नास वर्षांची सिगारेट त्यांनी दोन वर्षांपूर्वी वेपच्या, म्हणजे अर्क भरून वाफ ओढायच्या ई-सिगारेटच्या, आधाराने सोडली होती. पण क्लबमध्ये आत वेप ओढायला बंदी. डाव संपला की डेस वेप खिशात टाकून मागच्या दाराबाहेरच्या बाकावर जायचे आणि वीस-वीस मिनिटं परत यायचे नाहीत. गुडघे कुरकुरतात, म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. आणखी एकदा झाला तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी केरिनला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

याबद्दलचा सरकारी कायदा अजून यायचा होता. जो तो क्लब आपापलं ठरवत होता. केरिनने घरोघरी जाऊन माणसं वळवली. ठराव साधा होता: मागच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, वेप चालेल.

विरोधाला उभ्या राहिल्या मिसेस टिंडल. नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या, नियमाच्या पक्क्या. बाकावर कोणी थोटकं टाकत नाही ना, हे बघायला त्या बाहेर फेऱ्या मारायच्या. केरिनच्या त्या भयंकर डोक्यात जायच्या.

“अध्यक्ष महाशय, बंद खोली ती बंद खोली,” त्या म्हणाल्या. “त्या वाफेत काय काय असतं कोणास ठाऊक. माझी फुप्फुसं काही क्लबच्या मालकीची नाहीत.”

“खिडकी उघडी ठेवू की!” केरिन म्हणाली.

“म्हणजे एकाऐवजी वीस जणांना न्यूमोनिया?”

लोक हसले. मेंढपाळ कॉलिन मागून ओरडला, “अहो, डेसची वाफ आजवर दिसलीय कोणाला? तिथल्या वाऱ्यात माझी मेंढी उडून जाईल, वाफेचं काय घेऊन बसलात!”

केरिनचे कान तापले. “तुम्हाला माणसापेक्षा नियम मोठा, मिसेस टिंडल. उद्या बाबांचं काही बरंवाईट झालं, की फुलं घेऊन पहिल्या याल तुम्हीच.”

मिसेस टिंडल यांचा चेहरा उतरला. त्या खाली बसल्या. बरी जिरली, केरिनला वाटलं.

हात वर झाले. बाजूने नऊ, विरुद्ध नऊ.

अध्यक्ष एरवी मत देत नसत. बरोबरी झाली तरच. केरिनने सुटकेचा श्वास सोडला. स्वतःच्या पायावर कोणी धोंडा पाडून घेतो का!

डेसनी घसा खाकरला. “विरुद्ध.”

“बाबा!”

“बरोबरी झाली की आहे ते तसंच ठेवायचं, पोरी. क्लबची जुनी रीत आहे. अध्यक्षानेच आपल्या सोयीसाठी ती मोडायची?”

टाळ्या पडल्या. कॉलिनने तर उभं राहून वाजवल्या. बापाचा अभिमान बाळगावा की कपाळ बडवून घ्यावं, केरिनला कळेना. ती कप विसळू लागली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं.

वळून पाहते तो बाबांची खुर्ची रिकामी. मफलर खुर्चीवरच राहिलेला. तो उचलून ती तरातरा मागच्या दाराशी गेली. आज बापाला चार शब्द सुनावायचेच होते.

दार अर्धवट उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. बाकावर दोघं एकाच घोंगडीत गुरफटून बसली होती. डेसचे दोन्ही हात मिसेस टिंडल यांच्या हातांत होते आणि त्या चोळून चोळून ते गरम करत होत्या.

“अरे डेस, ठराव पास झाला असता म्हणजे?” त्या म्हणत होत्या. “ईस्टरपासून तो वेप रिकामाच आहे. आत बसून वाफ कुठून काढली असतीस?”