चूक कुठल्या बाजूला

शेठने पक्कड दाबली आणि थोरल्याच्या उजव्या हाताची करंगळी कट्‌कन मोडली. तो ओरडला तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या माणसाने फक्त दार नीट लावून घेतलं.

"आता डाव्या हाताने टाईप कर," शेठ म्हणाला. "सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायचीये?"

थोरला शेठच्या इंटरनेट कंपनीत राउटर सांभाळायचा. धाकट्या भावाने नदीपलीकडे स्वतःचं नेटवर्क उभं केलं होतं, ते शेठच्या डोळ्यांत खुपत होतं. दोन्हीकडचे राउटर एकमेकांचे नेबर झाले, म्हणजे थेट जोडले गेले, की धाकट्याची सगळी गिऱ्हाइकं शेठच्या मुठीत, आणि धाकटा रस्त्यावर. पण नेबर एकतर्फी होत नाही. दोन्ही टोकांना एकमेकांचा नंबर भरावा लागतो आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर तोच लागतो. तिकडचं टोक भरून घ्यायला शेठने माणसं धाडली होती.

फोन वाजला. शेठने स्पीकर लावला.

"भरलं त्याने," तिकडून कोणीतरी धापा टाकत म्हणालं. "दोन दात पडले तेव्हा कुठे पासवर्ड बोलला." त्या माणसाने दोघा भावांच्या आईचं नाव सांगितलं आणि त्यापुढे एक साल.

थोरल्याचा हात थांबला. नाव बरोबर होतं. आई गेली ते साल मात्र एका आकड्याने चुकलं होतं. तिने धाकट्याच्या मांडीवर प्राण सोडला होता. तो ते साल विसरणं शक्यच नव्हतं. म्हणजे तिकडे खरं साल भरून, इतका मार खाऊनही गाढव तोंडाने खोटं बोलला होता! थोरल्याला त्याचा राग आला आणि भरूनही आलं.

त्याने फोनवर सांगितलेलंच साल भरलं. स्क्रीनवर ओळ उमटली, पासवर्ड जुळत नाही. पुन्हा तीच.

"कोण खोटं बोलतंय?" शेठने विचारलं. "चूक कुणाची, ते दाखवत असेल ना हे?"

राउटर तेवढं दाखवत नाही. जुळत नाही, इतकंच सांगतो. एक आकडा बदलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि थोरल्याचं बोट त्याच आकड्यावर होतं.

शेठने फोन तोंडाशी नेला. "परत घ्या रे त्याला."

फोनमधून आधी धप्पकन आवाज आला, मग धाकट्याचा. "बरोबर सांगितलंय मी! आईशपथ!"

तशातही थोरल्याला हसू फुटता फुटता राहिलं.

"त्याला मारू नका, शेठ," तो म्हणाला. "त्याचं बरोबर आहे. चूक माझ्या बाजूला आहे."

"मग सुधार."

"सापडत नाहीये."

शेठने पक्कड उचलली. थोरल्याने डावा हात आपणहून टेबलावर ठेवला आणि बोटं पसरली. टाईप करण्याजोगा तेवढा एकच उरला होता.