सहाशेवर ठेवा

"सहाशेवर ठेवा, मॅडम," सर म्हणाले आणि नेहमीसारखे भट्टीकडे पाठ करून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

सुनेचा हात भट्टीच्या बटणावर होता. एरवी हा हात गुपचूप साडेपाचशे अंशांवर थांबायचा. आज थांबणार कसा? कामाला पैसे देणाऱ्या मोठ्या संस्थेतून आलेल्या परीक्षक बाई तिच्या अगदी खांद्याशी उभ्या होत्या आणि त्यांची नजर बटणावरून हलत नव्हती.

सर म्हणजे तिचे सासरे. लग्नाआधी ती त्यांची विद्यार्थिनी होती, आता हाताखाली काम करत होती. प्रयोगशाळेत 'सर' आणि 'मॅडम', घरी 'बाबा' आणि 'सूनबाई', हा नियम सासऱ्यांनीच घातला होता आणि दोघांपैकी कुणी तो कधी मोडला नव्हता. उलट उत्तर देणं मात्र दोन्हीकडे तिच्या स्वभावात बसत नव्हतं. पटलं नाही की ती गोड हसून "हो" म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. घरी बाबा चहात दोन चमचे साखर सांगत, ती एकच घालायची. या वयात साखर बरी नव्हे. तरी बाबा "मस्त झालाय" म्हणत कप रिकामा करत. बिचाऱ्यांच्या जिभेची चवही गेली, असं तिला वाटायचं.

भट्टीचंही तेच. कार्बनचे साठ अणू एकत्र येऊन फुटबॉलसारखा पोकळ रेणू होतो. असे असंख्य इवले चेंडू लिथियमच्या भुकटीत मिसळून, नळीत बंद करून तापवायचे. ऊब कमी पडली तर ते अबोला धरलेल्या नातेवाइकांसारखे नुसते शेजारी शेजारी बसून राहतात. जास्त झाली तर फुटून त्यांचा चुरा होतो. मधेच कुठेतरी ते एकमेकांना घट्ट धरतात, तरी रांग मोडत नाहीत, आणि त्यांचा एक नवाच, जाळीदार कार्बन तयार होतो. सरांनी पहिल्यांदा सहाशे सांगितलं तेव्हाच तिला ते जास्त वाटलं होतं. तिने हळूच पन्नास उतरवले आणि कार्बन असा देखणा निघाला की सर नळी हातात घेऊन म्हणाले, अगदी मला हवं होतं तसंच झालं. तिने मान डोलावली आणि जीभ चावली. तेव्हापासून सर सहाशे सांगत होते आणि ती साडेपाचशेवर ठेवत होती. नवऱ्याजवळ तिने हे बोलून पाहिलं. बाबांना सांगून टाक, तो म्हणाला. तूच सांग, ती म्हणाली. त्यावर त्याला एकदम काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं.

पण आता गळ्याशी आलं होतं. नमुना पाहून संस्था हरखली होती, तरी डोळ्यांदेखत करून दाखवल्याशिवाय ती मानणार नव्हती. आज कार्बन जमला तर भट्टी राहणार होती, काम राहणार होतं, सरांची खिडकीजवळची खुर्चीही राहणार होती. फसला तर भट्टी शेजारच्या विभागात जाणार. तिथले प्रमुख कालच टेप घेऊन दाराची रुंदी मोजून गेले होते.

बटण साडेपाचशेवर आलं.

"अजून पन्नास ना?" परीक्षक बाईंनी विचारलं.

सुनेने बटण धरून ठेवलं. गप्प बसावं तर सगळ्यांच्या मेहनतीचा कोळसा. बोलावं तर परक्या बाईसमोर सासऱ्यांची शोभा. तिने डोळे मिटले.

"सर, सहाशे नको. मी आजवर दरवेळी साडेपाचशेवरच ठेवत आले आहे."

सर खुर्चीत वळले. भट्टीला खेटून उभ्या असलेल्या बाई त्यांना आत्ता दिसल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि एक लांब श्वास सोडला.

"मग साडेपाचशेवरच राहू द्या, मॅडम," ते म्हणाले आणि पुन्हा पाठ करून बसले. तो श्वास तिच्या काळजात रुतला. इतक्या वर्षांचा मान आपण एका वाक्यात घालवला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी उघडली. काळी भुकटी तपासणीच्या यंत्रात गेली आणि पडद्यावर ठळक ठिपके शिस्तीत रांगेने उभे राहिले. परीक्षक बाई आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. त्यांनी दोघांचंही तोंडभरून कौतुक केलं. शेजारच्या विभागाचे प्रमुख अभिनंदन करून गेले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. बाईंना पोचवायला बाकीचे सगळे खाली गेले, आणि सर आपल्या खुर्चीत परतले.

सर कालपासून भट्टीविषयी अक्षर बोलले नव्हते. अखेर सुनेने बाहेरच्या खोलीत जाऊन चहा केला. यापुढे लपवाछपवी बंद, असं स्वतःला बजावून तिने त्यात पहिल्यांदाच दोन चमचे साखर घातली, तीही चांगली भरभरून. कप त्यांच्या हातात देऊन ती खाली मान घालून उभी राहिली.

सरांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"फार गोड झालाय."

"दोनच चमचे आहेत, सर. तुम्ही सांगता तेवढेच."

सरांनी कप खाली ठेवला. दारात कुणी नाही ना, ते एकदा वळून पाहिलं.

"एक मिळावा म्हणून दोन सांगतो, सूनबाई," ते म्हणाले. "सहाशेही त्याचसाठी सांगत होतो."